एका मिनिटाचा डाव

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहावा अशी संपादकांची प्रेमळ आज्ञा दरवर्षी होते आणि दरवर्षी मी लसीकरण, बालदमा किंवा मुलांचे जेवण यांपैकी एखादा विषय पुढे करून माझी सुटका करून घेतो. यंदा विषय थोडा निराळा निवडला आहे. परिचारिका होऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनींना हाताची कौशल्ये शिकवताना खेळाचा उपयोग कसा होतो, किती होतो आणि कोठे होत नाही, याविषयी गेल्या काही वर्षांत जे वाचले आणि जे प्रत्यक्ष करून पाहिले, ते सभासदांपुढे मांडावे असा मानस आहे. ‘खेळ’ हा शब्द वाचून काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या पडतील याची मला कल्पना आहे. माझ्याही पडल्या होत्या.

कतारगाममध्ये दवाखाना थाटून मला आता पंचवीस वर्षे होत आली. उंधियूच्या दिवसांत अजूनही भाजीबाजारात ‘कतारगामनी पापडी’ मागितली जाते. पण त्या पापडीच्या मळ्यांची जागा केव्हाच इमारतींनी आणि हिऱ्यांच्या कारखान्यांनी घेतली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे वडील बहुतेक घंटीवर बसणारे रत्नकलाकार. त्यांच्यापैकी एकाला मी एकदा सहज विचारले, की नवा मुलगा कामाला लागला म्हणजे त्याच्या हाती हिरा केव्हा देता? तो हसला. म्हणाला, “साहेब, आधी हलक्या मालावर हात बसवायचा. मोठा खडा पहिल्याच दिवशी दिला आणि बिघडला, तर शेठ भरून कोठून काढणार?” त्याच्या दृष्टीने प्रश्नच बाळबोध होता. मी मात्र बराच वेळ विचारात पडलो, कारण आमच्या व्यवसायात पहिल्याच दिवशी मोठा खडा हाती देण्याची रीत आम्ही किती सहजपणे चालवून घेतली आहे, हे मला एका रात्रीने शिकवले होते.

ती हकिगत सांगणे भाग आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शहरातील एका छोट्या प्रसूतिगृहातून रात्री अडीचच्या सुमारास दूरध्वनी आला, “सर, बाळ रडत नाही.” अंतर फार नव्हते, मी चार-पाच मिनिटांत पोहोचलो. वॉर्मरवर बाळ निळसर, गळाठलेले. त्याच्या डोक्याशी एक तरुण सिस्टर उभी राहून अँबू बॅग दाबत होती. न घाबरता, न थांबता, मिनिटाला चाळीस ते साठ या ठरलेल्या गतीने. गती अगदी अचूक होती. परंतु मास्क बाळाच्या मानाने मोठा होता, त्याची कड डोळ्यांवर चढली होती, दर दाबाबरोबर हवा गालाच्या बाजूने निसटत होती आणि छाती तसूभरही हलत नव्हती. मी लहान मास्क लावला, मान किंचित सरळ केली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला छाती उचलली गेली. थोड्या वेळाने बाळ कण्हले, मग रडले.

ते बाळ वाचले. आज तो मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याचे पाय ताठ आहेत, बोलणे अडखळते, आणि आई त्याला अजूनही नियमाने माझ्याकडे आणते. त्या चार-पाच मिनिटांनीच सारे घडले असे मी शपथेवर सांगू शकत नाही; प्रसूतीपूर्वीही काही बिघडले असणे शक्य आहे. मला बोचते ते वेगळेच. त्या सिस्टरला मी ओळखत होतो. ती ज्या परिचारिका विद्यालयात शिकली तेथे मी पाहुणा अध्यापक म्हणून नवजात शिशूंच्या पुनरुज्जीवनावर व्याख्याने देत असे, आणि अंतिम वर्षाच्या तोंडी परीक्षेत याच विषयावर मीच तिला उत्तम गुण दिले होते. क्रमवार पायऱ्या, दाबाची गती, मास्कचे क्रमांक, सारे तिने न अडखळता सांगितले होते. मी तिला मास्क हातात घेऊन दाखव असे म्हटलेच नव्हते.

अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये कौशल्य मोजण्याची एक चार पायऱ्यांची उतरंड मांडली. माहीत असणे, कसे करायचे ते सांगता येणे, करून दाखवता येणे, आणि प्रत्यक्ष कामात करणे. आपली लेखी आणि तोंडी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवरच संपते. तिसऱ्या पायरीसाठी काहीतरी हाताळावे लागते, आणि तेथे एक नैतिक अडचण उभी राहते: हात बसेपर्यंत ज्याच्यावर चुका करायच्या, असा ‘हलका माल’ प्रसूतिगृहात नसतो. नवजात बाळाला श्वास देण्याचे काम तर आणखी अवघड, कारण त्याची गरज क्वचित पडते. बहुतेक बाळे आपण होऊन रडतात. साधारण दहांतल्या एकाला अंग पुसणे, पाठ चोळणे अशी मदत लागते, आणि त्याहूनही थोड्यांना मास्क लावून हवा द्यावी लागते. म्हणजे शिकाऊ परिचारिकेने वर्षभर लेबर रूममध्ये काढले तरी तिच्या हाती ही वेळ येईलच असे नाही, आणि येते तेव्हा एका मिनिटाच्या आत अचूक हात चालावा लागतो. त्या मिनिटाला आम्ही ‘सुवर्णमिनिट’ म्हणतो. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार आपल्या देशात दर हजार जिवंत जन्मांमागे २० बालके पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावली. जन्मतः श्वास न घेणे हे त्यामागील मोठ्या कारणांपैकी एक.

यावर उपाय शोधणाऱ्यांनी फार पूर्वीच बाहुलीचा आश्रय घेतला होता, आणि हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यू कूद्रे या सुईणीने कापड आणि चामड्याचे स्त्रीच्या कटिभागाचे प्रतिरूप व त्यातून ‘जन्मणारे’ बाळ तयार केले, आणि राजाज्ञेने गावोगाव फिरून हजारो ग्रामीण स्त्रियांना त्यावर प्रसूतीचे शिक्षण दिले. १९११ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयात माणसाच्या आकाराची एक बाहुली दाखल झाली. तिला ‘मिसेस चेस’ म्हणत. बनवणाऱ्या मार्था चेस या मुलांच्या बाहुल्यांच्या व्यावसायिक होत्या. पुढे १९६० मध्ये हृदय-श्वसन पुनरुज्जीवन शिकवणारी जगप्रसिद्ध ‘रेसुसी ॲन’ आली, तीही नॉर्वेतील आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराच्या हातून. कृत्रिम श्वासाचे तंत्र रूढ करणाऱ्या डॉ. पीटर सफार यांच्यासारख्या वैद्यांनी काय हवे ते सांगितले आणि खेळणीवाल्याने ते मऊ प्लास्टिकात घडवले. खेळ आणि परिचर्या यांचे नाते आज कोणी नव्याने जोडलेले नाही. आपल्याकडेही खेळातून शिकवणे परके नव्हे. सापशिडीचा मोक्षपट परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला आहे, आणि भातुकलीत भाजी चिरण्यापासून पाहुण्यांची बडदास्त ठेवण्यापर्यंत काय काय शिकवले जात असे हे वाचकांना सांगायला नको.

आता प्रश्न असा, की बाहुली पुढ्यात ठेवली म्हणजे खेळ झाला का? नाही. बाहुली हे साधन. खेळात भिडू लागतात, नियम लागतात, काहीतरी अनिश्चित असावे लागते आणि हरण्याची शक्यता असावी लागते; शिवाय हरल्यावर पुन्हा डाव मांडता आला पाहिजे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१० मध्ये ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अभ्यासक्रम गरीब देशांसाठी सुरू केला, त्याची रचना पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. त्यातील बाहुलीत कोमट पाणी भरतात, त्यामुळे ती हातात घेताच खऱ्या बाळासारखी जड आणि लुळी लागते. तिला नळीने जोडलेले रबरी फुगे असतात. एक दाबला की नाळेत ठोके लागतात, दुसरा दाबला की ती श्वास घेते. विद्यार्थिनी जोडीने बसतात. एक सिस्टर होते, दुसरी फुगे हातात घेऊन बाळ होते. ‘बाळ’ झालेल्या मुलीने रडायचे की नाही हे समोरचीचे काम पाहून ठरवायचे. मग अदलाबदल. पाहता पाहता दोघींनाही दुसरीची चूक दिसू लागते, जी व्याख्यानात कधीच दिसत नाही.

या पद्धतीचा एक मोठा अभ्यास आपल्या मराठी मुलुखाच्या अगदी उंबऱ्यावर, बेळगाव जिल्ह्यात झाला. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रे व जिल्ह्यातील रुग्णालये यांमधील ५९९ प्रसूतिसेवकांना हे प्रशिक्षण दिले आणि आधीच्या व नंतरच्या जन्मांची नोंद ठेवली. २०१३ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. मृतजन्मांचे प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर उतरले; प्रसूतीच्या वेळीच दगावलेल्या, ज्यांना आपण ताजे मृतजन्म म्हणतो, त्यांचे प्रमाण १.७ वरून ०.९ टक्क्यांवर आले. आता मृतजन्म तर जन्माआधीच झालेला, मग बाळाला श्वास द्यायला शिकवून तो कमी कसा होईल, असे कोणी विचारील. उत्तर अंगावर काटा आणणारे आहे. श्वास नाही, हालचाल नाही, पण हृदय मंद का होईना चालू आहे, अशी काही बाळे पूर्वी ‘मृत’ म्हणून नोंदवहीत जात होती. शिकलेल्या हातांनी नाळेला बोट लावून ठोका पाहिला, मास्क लावला, आणि ती बाळे जिवंतांच्या रकान्यात आली. नवजात मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे वाढलेले दिसले नाही. म्हणजे अशी काही बाळे नुसती काही तासांपुरती तगली नाहीत, तर पुढेही जगली असे मानायला जागा आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर खेळाचे गुणगान झाले असते. पण टांझानियातील हेडम येथील ग्रामीण रुग्णालयाचा अनुभव त्यासोबत वाचावा लागतो. तेथे एक दिवसाचे प्रशिक्षण दिल्यावर बाहुलीवर श्वास देण्याच्या चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेले. सर्वांना आनंद झाला. परंतु लेबर रूममध्ये निरीक्षक बसवून खऱ्या बाळांची काळजी पाहिली, तेव्हा काहीच फरक पडला नव्हता! बाहुलीवर येते, बाळावर येत नाही. निराश न होता त्यांनी पद्धत बदलली. बाहुली प्रशिक्षण कक्षातून काढून लेबर रूममध्येच ठेवली. दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा जोडीने सराव आणि महिन्यातून एकदा चाळीस मिनिटांची उजळणी सुरू केली. २०१५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की पहिल्या चोवीस तासांतील मृत्यू दर हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. बाहुली तीच होती, शिकवणारेही स्थानिकच. बदलली ती वारंवारता आणि जागा.

माझ्या मते खेळाचे खरे काम येथे आहे. एकच कृती आठवड्यामागून आठवडा करणे हे कंटाळवाणे असते, आणि थकलेल्या परिचारिकेला ‘सराव करा’ असे परिपत्रक काढून कोणी सराव करत नाही. खेळ तो कंटाळा घालवतो. त्याहून अधिक श्रेय मी त्याला देणार नाही.

बेळगाव आणि हेडमचे हे निबंध वाचल्यावर मी ज्या विद्यालयात जात होतो तेथे प्राचार्याबाईंकडे रविवारच्या दुपारचे दोन तास मागून घेतले. तीन हवाबंद बाहुल्या जमवल्या. पुसणे-गुंडाळणे एवढ्यापुरत्या दोन कापडी बाहुल्या आमच्या कंपाउंडरच्या पत्नीने कापड बाजारातील उरल्यासुरल्या चिंध्यांतून शिवून दिल्या. कापडाला सुरतेत काय तोटा! विद्यार्थिनी डांग, तापी, नवसारीकडच्या, काही खानदेशातून आलेल्या. वर्गात गुजराती, मराठी आणि अहिराणी यांची सरमिसळ. डाव असा. चार भिडू. चिठ्ठी काढायची. एकीवर मुख्य सिस्टरची पाळी, दुसरी मदतनीस, तिसरीवर ‘राज्य’, म्हणजे फुगे हाती घेऊन बाळ होण्याचे, आणि चौथी मनगटी घड्याळ घेऊन पंच. दुसऱ्या चिठ्ठीत प्रसंग: पाणी हिरवे आहे, बाळ गळाठले आहे; किंवा बाळ आल्याबरोबर रडले, मग काय कराल? सामानाच्या पेटीत आम्ही मुद्दाम खोड्या करून ठेवत असू. मास्क मोठा ठेवायचा, बॅगेची झडप सैल करायची, टॉवेल ओला ठेवायचा. साठ सेकंदांच्या आत छाती उचलली गेली तर डाव जिंकला.

पहिल्या तीन-चार रविवारी मी अगदी खूश होतो. मुली हसत होत्या, ओरडत होत्या, वेळेच्या आधी येत होत्या. मग एके दिवशी भिंतीशी उभे राहून शांतपणे पाहिले तेव्हा लक्षात आले, की आमच्या डावात चुकीच्या मुली जिंकत आहेत. घड्याळाच्या नादात बाळ पुसायचेच राहत होते. ओल्या बाळाला मास्क लागत होता. बॅग मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा दाबली जात होती. आणखी वाईट म्हणजे जिंकण्यासाठी प्रत्येक गट आपली हुशार मुलगी पुढे करत होता आणि जिला सरावाची सर्वांत जास्त गरज तिला टॉवेल धरून उभे करत होता. एक मुलगी सतत हरल्यामुळे फळ्यावर तिच्या गटासमोर शून्य लागले आणि ती पुढच्या रविवारी आलीच नाही. या साऱ्याला मुली जबाबदार नव्हत्या. नियम मी केले होते. खेळ ज्याला गुण देतो तेच शिकवतो, हे मला त्या वेळी कळले.

नियम बदलले. फळ्यावरची यादी पुसून टाकली. मुख्य सिस्टर कोण ते फक्त चिठ्ठीने ठरायचे, अदलाबदल नाही. बाळ रडले तरी डाव संपत नाही. ते कोरडे, टोपी घातलेले, आईच्या उराशी ठेवलेले असेल तरच गुण. गतीसाठी सर्व भिडूंनी मोठ्याने मोजायचे: “दाब, दोन, तीन.” गुजराती मुली “दाब, बे, त्रण” म्हणत, ‘दाब’ दोन्ही भाषांत एकच असल्याने हात बरोबर त्याच शब्दावर मिटत असे. आणि लहानपणच्या खेळातली ‘टाइम प्लीज’ आम्ही परत आणली. पहिल्या डावात कोणीही मूठ ओठांशी नेऊन “टाइम प्लीज” म्हणू शकते; डाव थिजतो, शंका विचारायची, मास्क कसा धरायचा ते पाहून घ्यायचे, मग पुढे. दुसऱ्या डावात ती सवलत नाही. गंमत अशी, की पहिल्या डावात सर्वाधिक ‘टाइम प्लीज’ घेणाऱ्या मुलींचेच दुसऱ्या डावातले हात स्थिर असत.

प्रत्येक डावानंतर पाच मिनिटे गोल करून बसायचे हाही नियमच. आधी मुख्य सिस्टरने सांगायचे की तिला काय जमले आणि कोठे हात अडला. मग ‘बाळा’ने सांगायचे की मी का रडले नाही. मी शेवटी बोलायचे, आणि शक्यतो बोलायचेच नाही. हा भाग मला सर्वांत कठीण गेला. बिहारमध्ये सरकारी आरोग्य केंद्रांतील परिचारिकांसाठी केअर इंडिया आणि प्रॉन्टो इंटरनॅशनल यांनी जे प्रशिक्षण राबवले होते त्यातही प्रसंग वठवण्याइतकेच महत्त्व नंतरच्या या चर्चेला होते. तेथे प्रसूत होणारी स्त्री बाहुली नसून एक परिचारिकाच असे. खास शिवलेली विजार घालून ती कळा देण्याचा अभिनय करी, रागावे, प्रश्न विचारी. मला ही कल्पना फार आवडली. आमच्याकडे आपल्या मंडळाचे एक स्त्रीरोगतज्ज्ञ एका रविवारी पदर घेऊन सासूबाई झाले आणि “अहो, माझा नातू का रडत नाही? तुम्ही नक्की शिकलेल्या आहात ना?” असे म्हणत त्यांनी साठ सेकंद असा काही गोंधळ घातला, की दोन मुलींच्या हातून मास्क खाली पडला. हसून हसून पुरेवाट झाली. परंतु लेबर रूमच्या दाराशी असेच असते, आणि पुस्तकात सासूबाईंवर धडा नाही.

त्याच सुमाराची आणखी एक आठवण. चिठ्ठीत त्या दिवशी मुख्य सिस्टर म्हणून मी आलो. नवापूर तालुक्यातील एक मुलगी, जी वर्षभर वर्गात तोंड उघडत नसे, ती मदतनीस. मी सराईतपणे मास्क लावला, दाबू लागलो. ती हळूच म्हणाली, “सर, छाती हलत नाहीये.” मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने, आणि माझा हात धरून तिने मान सरळ केली. बॅगेची झडप सैल होती हे तिने आधीच पाहिले होते. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या रात्री वॉर्मरपाशी एक आयाबाईही उभ्या होत्या. त्यांनी मला नंतर सांगितले होते, की छाती हलत नाही हे त्यांना दिसत होते. पण सिस्टरला कसे सांगणार?

आता मोबाइलवरील खेळांविषयी, कारण तरुण सभासद हे विचारणारच. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि केनियातील संशोधक यांनी मिळून ‘लाइफ’ नावाचा एक खेळ केला आहे. त्यात पडद्यावरील रुग्णालयात खेळणारा नवजात बाळाचे पुनरुज्जीवन करतो, योग्य वस्तू निवडतो, चुकला तर त्याला तेथेच अडवले जाते. क्रम पक्का करण्यासाठी असे खेळ चांगले. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाने परिचारिका विद्यालये बंद पडली, प्रात्यक्षिके थांबली, तेव्हा मुलींच्या हाती मोबाइलच होता आणि त्यातून पायऱ्या विसरल्या गेल्या नाहीत, हे मी पाहिले. परंतु त्याच मुली परत आल्यावर मास्क धरायला लागल्या तेव्हा अंगठा आणि तर्जनीचा तो इंग्रजी ‘सी’ काही केल्या जमत नव्हता. काचेवर बोट फिरवून हवा निसटल्याचे बोटांना कळत नाही. शिक्षणातील खेळांवरचे अभ्यास चाळले तरी असेच दिसते: माहिती आणि उत्साह वाढल्याचे बऱ्याचदा आढळते, हात सुधारल्याचा पुरावा त्या मानाने तोकडा.

बाहुलीचेही तसेच. तिची मान खऱ्या बाळाहून ताठ, तिच्या तोंडात शेंबूड नाही, ती थंड पडत नाही, आणि ती मरत नाही. बाहुलीवर सफाईने काम करणाऱ्या काही मुलींना तिला टेबलावर आपटायची सवय लागते. आम्ही कडक नियम केला आहे, की बाहुली नेहमी दोन्ही हातांनी उचलायची. भारतीय परिचर्या परिषदेचा बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम जुलै २०२१ मध्ये राजपत्रात आला, त्यात कौशल्य प्रयोगशाळा आणि सिम्युलेशन यांना रीतसर स्थान मिळाले ही समाधानाची गोष्ट आहे. माझी भीती एवढीच, की काही ठिकाणी बाहुल्या काचेच्या कपाटात कुलूपबंद राहतील आणि तपासणीच्या दिवशी बाहेर निघतील. महाग वस्तूचे आपण असेच करतो.

आमच्या डावांमुळे किती बाळे वाचली हे मला सांगता येणार नाही. तसा अभ्यास मी केलेला नाही आणि एका डॉक्टरच्या रविवारच्या उद्योगातून तसे निष्कर्ष काढूही नयेत. गेल्या पावसाळ्यात मात्र पहाटे चारला दूरध्वनी वाजला. वरच्याच नवापूरच्या मुलीचा, आता ती वराछा रोडवरील एका प्रसूतिगृहात काम करते. मी उठून चपला शोधू लागलो. ती म्हणाली, “सर, येऊ नका. छाती हलली. रडलं. फक्त सांगायला केला.” मागे बाळाचा आवाज येत होता.

सभासदांपैकी ज्यांची प्रसूतिगृहे आहेत त्यांच्यासाठी एक विनंती. सकाळी ड्यूटी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर आणि आयाबाई पाच मिनिटे एकत्र असतात. तेवढ्यात एक डाव होतो. त्यासाठी बाहुली हवी असल्यास माझ्या कतारगामच्या दवाखान्यातून घेऊन जावी. तीनांपैकी एकीची नळी फाटली असून ती दुरुस्तीला दिली आहे, त्यामुळे सध्या दोनच आहेत. कंपाउंडरकडच्या वहीत नाव लिहून न्यावी आणि शनिवारी रात्रीपर्यंत परत आणून द्यावी. रविवारी दुपारी मुली वाट पाहतात.